खैरलांजी आणि 'मॉरल पॅनिक'

गुन्हेगारी बातम्यांवर पीएच.डी. करायची म्हटलं की आपल्याकडे प्रस्तावात 'मॉरल पॅनिक' हा शब्द ठरलेला. स्टॅनली कोहेन (१९७२) आणि मग स्टुअर्ट हॉल व सहकाऱ्यांचं 'पोलिसिंग द क्रायसिस' (१९७८). ब्रिटिश वृत्तपत्रांनी रस्त्यावरच्या लुटीला 'मगिंग' म्हणून नवी साथ कशी बनवलं, हे त्यात छान उलगडलंय. जरूर वाचा. पण ही चौकट गोंगाटासाठी बनलेली आहे. शांततेचं काय करायचं?

खैरलांजी बघा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात जमावाने एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार केलं. त्यानंतर कित्येक दिवस मोठ्या माध्यमांनी त्याची फारशी दखलच घेतली नाही. जे छापून आलं त्यात 'अनैतिक संबंधातून हत्या' हा सूर होता. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे बातमी मोठी झाली, आणि तेव्हाही दगडफेक, बंद, 'यामागे नक्षलवादी आहेत का' याचीच चर्चा जास्त.

इथे हॉल यांचा दुसरा मुद्दा जास्त कामाला येतो. गुन्ह्याची पहिली व्याख्या पोलीस, अधिकारी करतात. वार्ताहर रोज त्यांच्याकडेच जातो, डेडलाइन असते, तीच व्याख्या छापली जाते. नंतर कोणी काहीही म्हणो, वाद त्या व्याख्येशीच घालावा लागतो.

आता पद्धतीचा घोळ. मी सुरुवातीला कात्रणं जमवून कॉलम-सेंटिमीटर मोजत बसले होते. नोव्हेंबरचा गठ्ठा जाड, म्हणून त्यावर अख्खं प्रकरण लिहून काढलं. गाईडनी एवढंच विचारलं, "ऑक्टोबरचं काय?" तीन महिन्यांचं काम होतं हो ते! डिजिटल संग्रहातही तीच गत. 'दलित अत्याचार' टाकून शोधाल तर 'अनैतिक संबंध' म्हणून छापलेली बातमी हाती लागणारच नाही. म्हणजे बातमीने केलेली गफलत तुमच्या डेटात जशीच्या तशी उतरते, आणि तुम्ही तिचा आलेख काढता.

उलट टोकालाही जाऊ नका. २००८ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. अ‍ॅट्रॉसिटीबाबत मात्र तेच मत कायम ठेवलं. 'माध्यमांमुळे निकाल असा लागला' हे वाक्य मोहात पाडतं, पण कात्रणांवरून ते सिद्ध होत नाही. त्यासाठी एफआयआर, आरोपपत्र आणि निकालपत्र शेजारी ठेवून वाचावं लागेल. आनंद तेलतुंबडे यांचं खैरलांजीवरचं पुस्तकही.

ग्रंथालयात गेलात की ऑक्टोबर २००६ चे बांधीव खंड मागा. आणि मुंबई-पुण्याच्या आवृत्तीवर भागवू नका, नागपूर-भंडाऱ्याची बघा.