दुर्मिळ क्षय आणि घाईचे निकाल

शास्त्रीय विषयांवरील मराठी लेखन वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेंत येत नाहीं, अशी एक समजूत आमच्याकडे रूढ आहे. तिचा परिणाम असा कीं, कादंबरींतील एखादें पात्र असंभाव्य वाटल्यास आम्ही लेखकास जाब विचारतों; पण अणूच्या अंतरंगाविषयीं वाटेल तें छापून आलें तरी कोणी शब्द काढीत नाहीं. जड मेसॉनांच्या दुर्मिळ क्षयांविषयीं मराठींत ज्या तऱ्हेनें लिहिलें जातें, तिचा येथें थोडा परामर्श घ्यावयाचा आहे.

विषय आम्हांस अगदींच परका नव्हे. ‘मेसॉन’ हें नांव १९३९ सालीं होमी भाभा यांनीं सुचविलें. जपानांत त्सुकुबा येथें बी-मेसॉनांच्या कोट्यवधि जोड्या निर्माण करणारा ‘बेल-२’ हा प्रयोग चालतो. त्यांतील सिलिकॉन-शोधकाच्या चौथ्या थराच्या पट्ट्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटानें जुळविल्या आहेत. बी-मेसॉन हा प्रोटॉनाहून साडेपांच पटींपेक्षां जड. एका सेकंदाचे लक्ष कोटि भाग केले, तर त्यांतील सुमारें दीड भाग एवढेंच त्याचें आयुष्य. तो अनेक वाटांनीं मोडतो. कांहीं वाटा राजमार्ग. कांहीं इतक्या अवघड कीं, लाखांत एखादाच तिकडे वळतो. अशा आडवाटेवर एखाद्या अज्ञात कणाचा हात लागला, तर जाणारांची संख्या बदलते. म्हणून शास्त्रज्ञ तेथें पहारा देतात.

येथपर्यंत आमचे लेखक ठीक सांगतात. पुढें त्यांच्या हातून दोन दोष घडतात.

पहिला दोष गाळण्याचा. मेसॉन मोडला, तुकडे निघाले आणि थेट यंत्रांत शिरले, असें वर्णन केलें जातें. वस्तुतः बाहेर पडतां पडतां हे तुकडे एकमेकांवर प्रबल बलानें क्रिया करतात. यासच अंत्यावस्थेंतील परस्परक्रिया म्हणतात. नवरात्रांत तुळजापुरास देवीच्या महाद्वारांतून मंडळी ज्या जोडीनें बाहेर पडतात, त्याच जोडीनें मोटारतळावर पोंचतात असें नाहीं. गर्दींत कोणी कोणाबरोबर जातो. तळावर उभें राहून मोजणारास द्वाराशीं काय घडलें तें अनुमानानेंच ठरवावें लागतें. येथें तर याहून विचित्र घडतें: निघतांना जी केऑनांची जोडी होती, ती पोंचतांना पायॉनांची झालेली असूं शकते.

२०१९ सालीं जिनीव्हाजवळच्या ‘एलएचसीबी’ प्रयोगानें डी-मेसॉन व त्याचा प्रतिकण यांच्या क्षयांत भेद असल्याचें जाहीर केलें. केऑनांची वाट आणि पायॉनांची वाट ताडून पाहतां दहा हजारांत सुमारें १५ एवढी तफावत आढळली. हा भेद प्रस्थापित सिद्धान्तांत बसतो कीं त्यापलीकडचें कांहीं सुचवितो, हा वाद मुख्यतः या मागाहूनच्या क्रियेच्या हिशेबावर अडला आहे. परंतु तिला केवळ अडथळा समजणें हेंही चूकच. अशा क्षयांत द्रव्य व प्रतिद्रव्य यांचा भेद दिसण्यास दोन लहरींचें मिश्रण लागतें, आणि त्या लहरींमधील एक आवश्यक अंतर प्रबल क्रियेंतूनच मिळतें. ती नसती, तर निसर्गांतला पक्षपात आमच्या मापांत उमटलाच नसता. जी गोष्ट डोळ्यांपुढें धूर धरते, तीच दिवाही लावते. हें मर्म गाळलें कीं लेखांत उरतो तो केवळ चमत्कार.

याच्या उलट बाजूचें उदाहरण ‘बेल-२’नें २०२३ सालीं दिलें. बी-मेसॉन मोडून एक केऑन व दोन न्यूट्रिनो निघतात, ती ही वाट. न्यूट्रिनोंस प्रबल बल ठाऊक नाहीं. म्हणून गणित पुष्कळ स्वच्छ. दहा लाखांत सुमारें ५ क्षय अपेक्षित. मापन आलें २३, त्यांत अनिश्चिति ७ची. पण न्यूट्रिनो खूण न ठेवतां निसटतात, आणि एका केऑनावरून सारा प्रसंग जुळवावा लागतो. सारांश, जेथें दृष्टि चालते तेथें गणित गढूळ, आणि गणित निवळ तेथें दृष्टि आंधळी. या शास्त्राची खरी झुंज हीच आहे. ती सांगणारा मराठी लेख आमच्या वाचनांत क्वचितच येतो.

दुसरा दोष घाईचा. मार्च २०२१ मध्यें ‘एलएचसीबी’नें असें मापन दिलें कीं, केऑनासह निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या शंभर जोड्यांमागें म्युऑनांच्या ८५च निघतात, सिद्धान्ताप्रमाणें दोन्ही संख्या सारख्या हव्यात. लगेच जुन्या भौतिकशास्त्राचे मर्तिक उरकण्याची लगबग सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्यें त्याच शास्त्रज्ञांनीं कळविलें कीं, इतर कांहीं कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. ते वगळतां सिद्धान्त शाबूत आहे. पहिल्या बातमीस मिळालेल्या जागेचा दहावा हिस्सा तरी दुसरीस मिळाला असेल काय, याची आम्हांस शंका आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेरच्या गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं ठोकून कच्चें मडकें कोणतें तें सांगितलें, अशी कथा आहे. भौतिकशास्त्राचें थापटणें म्हणजे सिग्मा, योगायोगाची शक्यता मोजण्याचें परिमाण. तीन सिग्मा म्हणजे पुरावा, पांच म्हणजे शोध, असा संकेत आहे. २०२१ चें मडकें तीनांच्या किंचित् वर होतें. २०२३ च्या मापनांत असा क्षय घडतो याची खात्री साडेतीन सिग्मांची, आणि तो अपेक्षेहून अधिक घडतो याची २.७ चीच. डी-मेसॉनाचा भेद मात्र पांचांपलीकडे गेला. तो पक्का आहे, अर्थ लागावयाचा आहे. या तिहींस एकाच आवाजांत ‘क्रान्ति’ म्हणणें हा विवेकाचा अभाव होय.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. लहान गांवांतील विद्यार्थ्यास या शास्त्राची पहिली ओळख पुष्कळदां अशा लेखांतूनच होते. दरवर्षी विश्वाचे नियम मोडल्याचें वाचून आणि पुढें कांहींच न घडलेलें पाहून, शास्त्र म्हणजेही एक अफवाच, असें त्यास वाटूं लागलें, तर दोष त्याचा नव्हे. लेखकानें संख्येबरोबर तिची अनिश्चिति द्यावी, निष्कर्षाबरोबर अंत्यावस्थेचा हिशेब कितपत विश्वसनीय आहे तें सांगावें, आणि बातमी मागें घेतली गेल्यास तेंही तितक्याच ठळकपणें छापावें. एवढें जो करील, त्याची भाषा थोडी ओबडधोबड असली तरी तो लेख आम्ही साहित्यांतच गणूं.