पाठभेदांची साक्ष : ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पाठ्यपुस्तकाची चिकित्सा

पाठचिकित्सा हे शास्त्र जुन्या पोथ्यांपुरतेच उपयोगी आहे, असा समज आपल्या विद्यार्थ्यांत रूढ झालेला दिसतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा परीक्षेपुरता परिचय करून घ्यावा आणि मग ते शास्त्र ग्रंथालयाच्या कपाटात ठेवून द्यावे, अशीच सामान्यतः प्रथा आहे. परंतु २००५ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात एका शालेय वादाचा निकाल लागताना ह्याच शास्त्राची रीत न्यायासनापुढे कामास आली. वाद होता शाळेत उत्क्रांतिवाद कसा शिकवावा ह्याचा. साक्षीला उभे राहिले ते एका पाठ्यपुस्तकाचे पाठभेद.

प्रकरण थोडक्यात असे. डोव्हर ह्या गावाच्या शाळामंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये एक ठराव केला. त्यास अनुसरून नववीच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखविण्याचे ठरले. डार्विनची उपपत्ती ही सिद्ध वस्तुस्थिती नव्हे, तीत उणिवा आहेत, आणि ‘बुद्धिमान रचना’ हा दुसरा पक्ष ज्यांना समजून घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक उपलब्ध आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. तेव्हा प्रशासकांनी वर्गात येऊन ते वाचले. अकरा पालकांनी दावा लावला. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स ह्यांनी १३९ पृष्ठांच्या निकालपत्राने मंडळाचे हे धोरण घटनाबाह्य ठरविले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो ह्या पुस्तकाचा पाठेतिहास. पुस्तक प्रथम १९८९ साली प्रसिद्ध झाले. दुसरी आवृत्ती १९९३ ची. तत्पूर्वीचे अनेक मसुदे न्यायालयाच्या आज्ञेने सादर करावे लागले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट ह्यांनी ते एकापुढे एक ठेवून तपासले. आरंभीच्या मसुद्यांची नावेच बोलकी आहेत : १९८३ चा ‘क्रिएशन बायॉलॉजी’, १९८६ चा ‘बायॉलॉजी अँड क्रिएशन’. १९८७ च्या मसुद्यांत मात्र ‘निर्मिती’ आणि तिचे साधित शब्द मावळतात व त्यांच्या जागी ‘बुद्धिमान रचना’ हा शब्दप्रयोग येतो. निकालपत्राप्रमाणे असे बदल सुमारे १५० ठिकाणी झाले. त्याच वर्षी, १९ जून १९८७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत उत्क्रांतीबरोबर ‘निर्मितिविज्ञान’ शिकविण्याची सक्ती करणारा लुइझियाना राज्याचा कायदा रद्द केला होता. मजकूर बदलण्याचे कारण जीवशास्त्रात शोधण्याची गरज उरत नाही.

येथे भाषाशास्त्राला स्वतःचे म्हणून काही सांगता येते. दोन शब्द सर्व वाक्यांत एकमेकांच्या जागी बसतात, एवढ्याने ते समानार्थी ठरत नाहीत. ‘उष्ण’ आणि ‘शीत’ हेही पुष्कळदा एकाच जागी बसतात. परंतु शब्द बदलूनही व्याख्या तशीच राहिली, तर निर्णय देण्यास अडचण पडत नाही. पूर्वीच्या मसुद्यात ‘निर्मिती’ची व्याख्या अशी होती की, बुद्धिमान निर्मात्याच्या द्वारा जीवांची विविध रूपे आपापल्या वैशिष्ट्यांसह एकाएकी अवतरली. नंतरच्या पाठात निर्मात्याच्या ठिकाणी ‘बुद्धिमान कर्तृशक्ती’ आली. परांसह पक्षी व खवल्यांसह मासे जसेच्या तसे राहिले. संज्ञा नवी, संकल्पना जुनीच.

ह्यावर लेखकूच्या हाताने मोहोर उमटविली आहे. १९८७ च्या एका मसुद्यात ‘क्रिएशनिस्ट्स’ हा शब्द काढून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ हे शब्द घालताना जुन्या शब्दाचे आद्याक्षर आणि अंत्य प्रत्यय तसेच राहून गेले आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असे एक विचित्र रूप सिद्ध झाले. पोथ्यांतील लेखकप्रमाद ज्याने हाताळले आहेत, त्याला ह्या रूपाचे मोल सांगावयास नको. भ्रष्ट पाठ पुष्कळदा शुद्ध पाठाहून अधिक बोलतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. शब्द बदलणे हा काय अपराध आहे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शोधलेच की! परंतु एकनाथांनी आपले कार्य उघडपणे, वर्षाच्या निर्देशासह नोंदविले, आणि त्यांचा रोख मूळ पाठाकडे परत जाण्याचा होता. येथे मूळ पाठ झाकण्याचा आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : विधानाचा इतिहास दूषित असला म्हणून विधान खोटे ठरते काय? मुळीच नाही. पाठचिकित्सा पुस्तकाचा हेतू व वंश सांगते. जीवसृष्टीचे सत्य तिला सांगता येत नाही. न्यायाधीशांनीही बुद्धिमान रचनेचा वैज्ञानिक दावा शास्त्रज्ञांच्या साक्षींवरून स्वतंत्रपणे तपासला, आणि तो विज्ञान नव्हे असा निर्णय दिला. ही मर्यादा न ओळखता आपल्या शास्त्राचा जयजयकार करणे हाही एक प्रमादच होय.

ह्या व्यवहारात विज्ञानाची हानी झाली, असे नेहमी म्हटले जाते. आमच्या मते श्रद्धेची हानीही लहान नाही. वादी पक्षाकडून साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर आणि ईश्वरविद्येचे अभ्यासक जॉन हॉट हे दोघेही कॅथॉलिक. उत्क्रांती मान्य करण्यासाठी त्यांना ईश्वर सोडावा लागला नाही. उलट पुस्तकाच्या कर्त्यांना शाळेच्या दारातून आत जाण्यासाठी ईश्वराचे नाव दाराबाहेर ठेवावे लागले. भक्त ज्याची प्रार्थना करतो त्यास ‘कर्तृशक्ती’ म्हणावयाचे आणि ती कोणाची हे विचारल्यास मौन धरावयाचे, ह्याला श्रद्धेचे रक्षण कसे म्हणावे?

शिक्षकाचे कर्तव्य ह्यातून स्पष्ट होते. विद्यार्थ्याने घरी काय मानावे हे सांगण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. परंतु वर्गात उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ प्रांजळपणे सांगण्यास तो बांधलेला आहे. डोव्हरच्या शिक्षकांनी निवेदन वाचण्यास नकार दिला तो ह्याच जाणिवेने, असे आम्हास वाटते. शब्दाचे पूर्वरूप दडवून तो मुलांच्या हाती देणे, हा भाषेच्या अभ्यासकाने तरी क्षम्य मानू नये.