शिवीचा अर्थ कोणीं ठरवावा?

परक्या मुलखांत आपल्या माणसाला रंगावरून कोणी हिणवलें, कीं त्याची कळ आपल्या घरापर्यंत येऊन पोंचते. 2021 च्या जानेवारींत सिडने येथील कसोटी सामन्यांत महंमद सिराज यानें प्रेक्षकांच्या अपशब्दांबद्दल पंचांकडे तक्रार केली. खेळ कांहीं वेळ थांबला. सहा प्रेक्षकांस मैदानाबाहेर काढण्यांत आलें. त्या दिवशीं, शब्द उच्चारणाराचा हेतु काय होता, त्या शब्दाची व्युत्पत्ति काय, सिराजनें तो थोडा खेळीमेळीनें घ्यावयास नको होता काय, असले प्रश्न आपल्याकडील सुशिक्षित मंडळींनीं फारसे विचारले नाहींत. ज्याच्या जिव्हारीं शब्द लागला त्याची साक्ष आपण प्रमाण मानली, आणि तें योग्यच झालें.

आतां त्याच्या आधींचें एक प्रकरण पाहावें. 2007 च्या ऑक्टोबरांत ऑस्ट्रेलियाचा संघ आपल्याकडे आला होता. त्यांतील अँड्र्यू सायमंड्स या आफ्रो-कॅरिबियन वंशाच्या खेळाडूस बडोद्यास, आणि पुढें मुंबईच्या वानखेडे मैदानावर, कांहीं प्रेक्षकांनीं माकडचेष्टा करून हिणवलें. पुढच्या जानेवारींत सिडने येथें हरभजन सिंग यानें सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला. तीन कसोट्यांची बंदी आली. अपिलांत वंशद्वेषाचा आरोप सिद्ध न झाल्यामुळें ती उठली, आणि असभ्य भाषेबद्दल दंड तेवढा झाला. त्या निकालाचा वाद येथें उकरून काढावयाचा नाहीं. परंतु त्या दिवसांत आपल्या बैठकींतून जे युक्तिवाद ऐकूं येत ते आठवून पाहावे: आपल्याकडे वानर पूज्य आहे, मारुतीच्या देशांत ही शिवी होईलच कशी, गोऱ्यांनीं आम्हांला सभ्यता शिकवूं नये! म्हणजे एकदां आपण ज्याला शब्द लागला त्याला विचारलें, आणि एकदां ज्याच्या बाजूनें शब्द निघाला त्याला. माप एकच असतें तर दोन्ही वेळां एकाच माणसाची साक्ष घेतली गेली असती.

हा दुटप्पीपणा क्रिकेटपुरता असता तर वाङ्मयविषयक मासिकानें त्याचा विचार करण्याचें कारण नव्हतें. पण शब्दाचा अर्थ कोणीं ठरवावयाचा, हा प्रश्न मूळचा वाङ्मयाचाच आहे, आणि मराठी वाचकानें त्याचें उत्तर पुष्कळदां स्वतःच्या सोयीनें दिलें आहे. वर्णद्वेष आणि जातिभेद यांची सांगड घालणें ही आजकालची टूम आहे, असेंहि कोणी समजूं नये. जोतीराव फुले यांनीं 1873 सालीं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांस दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण करून. आणि आपल्या देशबांधवांनीं शूद्रांच्या मुक्ततेसाठीं त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेंत व्यक्त केली. सांगड घालून दीडशें वर्षें उलटलीं. ती नाकारण्याची आपली हौस मात्र अजून फिटलेली नाहीं.

या दृष्टीनें बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा पुन्हां वाचण्यासारखी आहे. याच नांवाचा त्यांचा संग्रह 1963 सालीं निघाला. कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीनिमित्त परगांवीं येतो आणि जात न सांगतां बिऱ्हाड करतो. तो कवि आहे. ज्यांच्या आश्रयाला तो राहतो तीं माणसें त्याच्या कवित्वावर लुब्ध होतात, त्याचा मान ठेवतात. जात उघडकीस येतांच त्या मानाची जागा मारहाण घेते. माणूस तोच, कविता त्याच. बदललें तें एक नांव. बागुलांनीं मारणारांना राक्षस म्हणून रंगविलेलें नाहीं, यांत या कथेचें बळ आहे. राक्षस असते तर वाचकाला त्यांच्यापासून दूर उभें राहतां आलें असतें. तीं माणसें आतिथ्यशील आहेत, रसिक आहेत, थोडक्यांत आपल्यासारखींच आहेत. कथेंतील काशिनाथ नांवाचा दुसरा तरुण जात लपवीत नाहीं, आणि अपमान गिळीतहि नाहीं. त्याच्या वाट्याला उघड वैर येतें. लपविणाराच्या वाट्याला त्याहून बिकट गोष्ट येते: प्रत्येक सभ्य चौकशीची धास्ती.

ही सभ्य चौकशी आपल्या फार परिचयाची आहे. “आडनांव काय आपलें? मूळ गांव कोणतें?” या दोन प्रश्नांत एकहि असभ्य अक्षर नाहीं. उत्तर मनासारखें आलें तर चहा येतो. न आलें तर तोहि येतो, पण बोलण्याचा सूर बदलतो. त्याहून सूक्ष्म प्रकार कौतुकाचा: “तुम्ही त्यांच्यांतले वाटत नाहीं हो!” बोलणाराला वाटतें आपण गौरव केला. एखाद्या साहेबानें आपल्या परदेशस्थ मुलाला, “तूं हिंदी लोकांसारखा वाटत नाहींस,” असें म्हटलें तर त्यांतला डंख आपल्याला समजावून सांगावा लागत नाहीं. मग तेंच वाक्य मराठींत आलें म्हणजे तें कौतुक कसें होतें?

टीकेचा कानहि असाच एकांगी राहिला. 15 ऑगस्ट 1972 च्या ‘साधना’ साप्ताहिकांत राजा ढाले यांचा लेख आला. दलित स्त्रीच्या विटंबनेला दंड किती आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला किती, याची त्यांनीं तुलना केली, आणि ती करतांना ध्वजाविषयीं जहाल शब्द वापरले. गदारोळ उठला तो त्या शब्दांवर; ज्या विटंबनेनें लेखकाच्या हातीं लेखणी दिली ती बहुतेक चर्चेंत बाजूला पडली. त्याच वर्षीं, अमेरिकेंतील ‘ब्लॅक पँथर’ चळवळीवरून नांव घेऊन, दलित पँथर स्थापन झाली, आणि तिच्या संस्थापकांपैकीं नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. त्याला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. तींत ते आपल्या पांढरपेशा अनुभवाची मर्यादा झांकीत नाहींत. जे शब्द कळले नाहींत त्यांचे अर्थ कवीलाच विचारतात. शब्द ग्राम्य कीं अश्लील, याचा निवाडा देण्यापूर्वीं तो ज्याच्या आयुष्यांतून आला त्याला विचारावें, इतकी साधी शिस्त टीकाकारानें पाळली तर निम्मे वाद उद्भवणार नाहींत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, कीं दलित लेखक स्वतः तेच शब्द लिहितात, दया पवारांच्या ‘बलुतं’मध्यें (1978) ते आहेत, मग आम्हांलाच मज्जाव कां? हा प्रश्न विचारणाराने आपल्याच घरांत पाहावें. मुलगा आईला लाडानें “म्हातारी” म्हणतो. तोच शब्द शेजाऱ्यानें तिला उद्देशून काढला तर मुलगा भांडावयास उठतो. शब्दाची मोकळीक नात्यानें मिळते. शब्दकोशांत ती नसते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि 2008 सालीं अशाच एका खटल्यांत, जातिवाचक शब्दाची मूळ व्युत्पत्ति न पाहतां लोकव्यवहारांत त्याला आलेला अर्थ पाहिला पाहिजे, असें म्हटलें आहे. जखम दाखविणारा आणि जखम करणारा एकाच सुरीचें नांव घेतात, म्हणून ते समान ठरत नाहींत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो हंसण्यावारी नेणें अन्यायाचें होईल. ब्राह्मणांनाहि जातीवरून हिणवलें जातें, त्याचें काय? तेंहि वाईटच. 1948 सालीं गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. त्या दिवसांत नुसतें जातीचें नांव आग लावावयास पुरलें. ज्या घरांत ती आठवण आहे त्या घराला, आपलें नांवच आपला अपराध ठरणें म्हणजे काय, हें कोणी शिकवावयास नको. आमचें म्हणणें इतकेंच, कीं जें थोड्या दिवसांत अनुभवास आलें तें कित्येक पिढ्या, पाणवठ्यावर, शाळेंत आणि भाड्याच्या खोलीच्या दाराशीं, रोज अनुभवणारे लोक आपल्याच भाषेंत राहतात. आपल्या दुःखाची आठवण दुसऱ्याच्या दुःखाला उत्तर म्हणून पुढें करतां येते, किंवा तें समजण्याची किल्ली म्हणून वापरतां येते. पहिल्यानें वाद जिंकतां येतो; दुसऱ्यानें भाषा सुधारते.

हें सारें केवळ पुस्तकांतलें आहे असें वाटत असेल तर मुंबईच्या देवनार उपनगराकडे पाहावें. येथें 1927 पासूनची कचराभूमि आहे, आणि समाजाचा शास्त्रीय अभ्यास शिकविणारी टाटा सामाजिक विज्ञान संस्थाहि 1954 पासून येथेंच आहे. 2016 च्या जानेवारींत कचराभूमीला आग लागली आणि धूर दूरवरच्या इमारतींत शिरला, तेव्हां शहराला तिची आठवण झाली; त्या ढिगाऱ्यांवर पोट भरणारांना तो धूर नवा नव्हता. त्यांच्यासाठीं, आणि रोज सकाळीं दाराशीं येणाऱ्या माणसासाठीं, आपल्या घरोघरीं एकच शब्द आहे: कचरेवाला. कचरा आपण करतों. नांव मात्र तो उचलणाराला पडतें. शब्दांत शिवी नाहीं, बोलणाराच्या मनांत द्वेषहि नसेल. तरी तो माणूस आपल्या दाराशीं वर्षानुवर्षें येतो आणि त्याचें खरें नांव आपल्याला ठाऊक नसतें.

सिडनेच्या मैदानावर आपला कान किती तीक्ष्ण असतो, हें आपण सिद्ध केलेलें आहे. तोच कान दाराशीं लावावयाचा आहे, एवढेंच.