केलेली, करवलेली आणि मान्य केलेली हिंसा

योगशिबिरात अहिंसेवर पाच मिनिटं बोललं जातं आणि मग सूर्यनमस्कार सुरू होतात. त्या पाच मिनिटांत सांगतात काय, तर मनात वाईट विचार आणू नका. हा अर्थ आम्हाला फार स्वस्तातला वाटतो. पतंजलींचा ग्रंथ त्याहून कडक आहे.

साधनपादातलं 34 वं सूत्र काढा. हिंसा तीन तऱ्हांची: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि होताना पाहून मान्य केलेली. तिची मुळंही तीन: लोभ, क्रोध, मोह. त्यात पुन्हा सौम्य, मध्यम, तीव्र. झाले 27 प्रकार. व्यासभाष्य तर हा आकडा 81 पर्यंत नेतं. हिशेब रुक्ष आहे खरा, पण कणा इथंच आहे. शिबिरात बोलतात ते रागाच्या भरात स्वतः केलेल्या हिंसेबद्दल. लोभानं करवलेल्या हिंसेचं काय?

आपला जालना कापसाचा, मोसंबीचा, बियाण्यांचा. पावसाळ्यात कपाशीवर फवारणी चालते तेव्हा पंप कुणाच्या पाठीवर असतो? पुष्कळदा रोजानं आणलेल्या माणसाच्या. तोंडाला फार तर रुमाल. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जण दगावले. त्यांत शेतकरी होते, मजूरही होते. तिथं कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. हातमोज्यांचे पैसे वाचवणारा मालक माळ ओढत असेल, मांसाहारही करत नसेल. आणि बांधावरून ‘त्यांना सवय असते हो’ म्हणणारे आपण? सूत्रात आपल्यालाही जागा ठेवलेली आहे.

व्यासभाष्यात कोळ्याचं उदाहरण येतं: मासे सोडून इतर कुणाला मारणार नाही असा त्याचा नेम. ही मर्यादित अहिंसा. महाव्रत ते, ज्याला जात, स्थळ, काळ, प्रसंग यांची सूट नाही. पण इथं एक खटकतं. पोटासाठी जाळं टाकणारा उदाहरण म्हणून सापडला, त्याच्याकडून मासे घेणारा मात्र नाही. सूत्रातलं ‘करवलेली’ भाष्यकारांनी इथंही लावायला हवं होतं.

ज्ञानेश्वरीचा 13 वा अध्याय वाचताना निराळा अनुभव येतो. माऊली आधी यज्ञातल्या पशुहत्येचा समाचार घेतात, औषधासाठी झाडं नि जीव मारणाऱ्यांनाही सोडत नाहीत. मग पाऊल किती हळुवार पडावं, शब्दाआधी प्रेम कसं पोचावं, हे सांगत जातात. साहित्य म्हणून अजोड. पण चित्र बहुतेक एकाच देहाचं आहे: चाल, नजर, वाणी, हात. धनी आणि गडी यांच्यातला व्यवहार त्यात जवळपास नाहीच.

तो थोडा सापडतो आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबेच्या रामदासांकडे. बलोपासना, मारुती एवढंच त्यांचं नाव घेतलं जातं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला उत्तमलक्षणांचा समास बघा. दुसऱ्याला पीडा देऊ नये, विश्वासघात करू नये, अशी चारचौघांत वागण्याची साधी यादी आहे. ठरलेली मजुरी संध्याकाळी कापणं यात बसतं की नाही, तुम्हीच ठरवा.

मैत्री-करुणेचं सूत्र राहिलं, समाधिपादातलं 33 वं. ते पुढच्या खेपेला घेऊ. येताना फवारणीच्या डब्यावरचं माहितीपत्रक घेऊन या. अक्षरं किती बारीक असतात तेही बघायचंय.