गिल्बर्ट टेकडी आणि ‘खनिज’ तेल

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले की सुमारे दोनशे फुटांचे काळे, बहुकोनी खांब एकमेकांना चिकटून सरळ वर गेलेले दिसतात. आपल्या विज्ञानलेखनात ही टेकडी एका ठरलेल्या ओळीत येते : साडेसहा कोटी वर्षे, दख्खनचा लाव्हा, डायनासोरांचा अंत. पुढे कुठेतरी तेच डायनासोर दबून त्यांचे पेट्रोल होते. या दुसऱ्या विधानाला माझी सक्त हरकत आहे. पहिल्यालाही थोडी आहेच.

२००१ साली आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने या बेसाल्टचे वय काढले गेले. ते आले सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षे. डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. म्हणजे हा लाव्हा वर आला तेव्हा त्यांना जाऊन पन्नासेक लाख वर्षे झाली होती.

आता तेल. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रात, ‘सागर सम्राट’ने १९७४ साली बॉम्बे हायचे तेल शोधले. ते साठले आहे मायोसीन काळातल्या चुनखडकात. तयार झाले ते मुख्यतः पन्ना थराच्या गाळात, म्हणजे पॅलिओसीन-इओसीनमध्ये. हा गाळ अनेक ठिकाणी दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. जे थर डायनासोर संपल्यानंतर साचले, त्यांत डायनासोर कुठून येणार? तिथे आहेत वनस्पतींचे अवशेष आणि सूक्ष्म शैवाले.

घोटाळ्याचे मूळ शब्दांतही असावे. ‘खनिज तेल’ म्हटले की जीव पुसला जातो. ‘जीवाश्म इंधन’ म्हटले की हाडे डोळ्यांपुढे येतात. कोळशाबाबत आणखी एक उसनवारी चालते. युरोपचा कार्बोनिफेरस काळ जसाच्या तसा मराठीत उतरतो, पण चंद्रपूर-वणीचा कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातला, ग्लॉसोप्टेरिसच्या रानांचा आहे.

‘प्राणवायू’ हा शब्द तर फारच सज्जन. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला तेव्हा त्या काळच्या अनेक जीवांना तो विषच होता. तो हवेत टिकला कारण मेलेल्या जीवांतला थोडा कार्बन कुजण्याआधी गाळात पुरला गेला. त्यातला बहुतेक भाग शेलमध्ये विखुरला आहे. कोळसा आणि तेल ही त्याची छोटीशी मूठ. म्हणून इंधन जाळून प्राणवायू संपेल ही भीती फोल आहे. तो किंचितच घटतो. कर्बवायूचे मात्र तसे नाही. तो मुळात इतका विरळ की उद्योगयुगापूर्वीचे दशलक्षात २८० भाग आता ४२०च्या पुढे गेले. नेमका हाच हिशोब आपल्या लेखांत गळतो, आणि वाचक चुकीच्या वायूची काळजी करत बसतो.

उलट बाजूही कुणी सांगत नाही. दख्खनच्या लाव्ह्याने कर्बवायू ओकला, हे खरे. पण तोच बेसाल्ट पावसात झिजताना हवेतला कर्बवायू धरतो. तो विरघळून नद्यांतून समुद्रात जातो आणि शंख-शिंपल्यांच्या चुन्यात बांधला जातो. बॉम्बे हायचे तेल ज्या दगडात मुरले आहे, तो दगडही अशाच चुन्याचा आहे. अंधेरीच्या शेगडीवर आपण एक कार्बन जाळतो. दुसरा तिथेच, समुद्राखाली, अजून बांधलेला आहे.