धूमकेतू टळला, यज्ञ उरला

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले आणि पुढचे कित्येक आठवडे मराठी वर्तमानपत्रे आणि मासिके श्रद्धांजलींनी भरून गेली. त्या लेखांत एक शब्द हटकून होता: विज्ञानप्रसारक. आयुकाचे संस्थापक, फ्रेड हॉईल यांचे शिष्य, विज्ञानप्रसारक. ‘कथाकार’ हा शब्द आलाच तर प्रसारकाच्या मागून, त्याची पिशवी सांभाळत. नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाने डिसेंबर २०२१ मध्ये ज्याला साहित्यिक म्हणून अध्यक्ष केले, त्याला साडेतीन वर्षांत पुन्हा शाळेच्या फळ्यासमोर उभे करण्यात आले.

याच काळात आणखी एक गोष्ट वाढीला लागली आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर उतरला, तेव्हापासून दिवाळी अंकांत अंतराळकथांना ऊत आला आहे. त्यांची पाककृती ठरलेली असते. नायक मराठी, शक्यतो खेड्यातला. आई देवापुढे दिवा लावते. यानात ऐन वेळी बिघाड होतो, नायकाला मातीची आठवण येते, बिघाड दुरुस्त होतो, झेंडा फडकतो. अधूनमधून पलायनवेग आणि इंधनाच्या टप्प्यांवर दीड पान, तेही एका शास्त्रज्ञाने दुसऱ्या शास्त्रज्ञाला समजावून सांगितलेले, जणू त्या दुसऱ्याने शिक्षण भलत्याच विषयात घेतले आहे. यान सोडले तर या कथांत काही हलत नाही. खाली जमिनीवर जो समाज आहे तो टाळ्या वाजवण्यापुरता येतो.

श्रद्धांजलीतला प्रसारक आणि दिवाळी अंकातला झेंडा या दोन्हींचे मूळ एकच आहे. विज्ञानकथा म्हणजे विज्ञानाची जाहिरात, ही समजूत.

मागची वाट वाचकांना ठाऊक आहे. ‘केरळ कोकिळ’ मासिकाने ज्यूल व्हर्नला मराठीत आणले त्याला सव्वाशे वर्षे होत आली. भा. रा. भागवतांचा व्हर्न आजही वाचवतो, पण तो भागवतांच्या भाषेमुळे. त्यातल्या चंद्रामुळे नव्हे. नारायण धारप विज्ञानकथेत आले आणि भयकथेत रमले, दोन्हींचे त्यात भले झाले. यंत्रमानव प्रेमात पडतो या कल्पनेवर मराठीत जेवढी शाई खर्च झाली, तेवढीत एक बरी कादंबरी झाली असती. लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ बाळ फोंडक्यांनी संपादित केलेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या इंग्रजी संकलनात १९९३ साली गेली, ते योग्यच झाले. अरुण साधूंची ‘विप्लवा’ राजकारण समजणारा कादंबरीकार या प्रांतात शिरला की काय होते ते दाखवते. तिच्यामागून कोणी गेले नाही. बाकी पुष्कळ आहे, आणि ते पुष्कळच आहे.

खरे थांबायचे ते नारळीकरांच्या ‘धूमकेतू’पाशी.

ही कथा सगळ्यांनी वाचलेली असते आणि जवळजवळ सगळ्यांनी ती उलटी वाचलेली असते. निवृत्त दत्तदा कोलकात्यात दुर्बीण घेऊन रात्र रात्र आकाश न्याहाळतात. पत्नी इंद्राणीदेवींना ती दुर्बीण सवतीसारखी वाटते. दत्तदांना धूमकेतू सापडतो, त्यांचे नाव त्याला मिळते, सत्कार होतात. इंद्राणीदेवींना मात्र वाटते की अपशकुनी गोष्टीला नवऱ्याचे नाव लागायला नको होते. मग गणित सांगते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. लंडनमध्ये निवडक तज्ज्ञांची बैठक होते, अण्वस्त्रे अंतराळात नेऊन धूमकेतूची वाट बदलायचे ठरते. दत्तदा घरी परततात तर घरात यज्ञ चाललेला, आणि त्यात नातू खोका बसवलेला. पुढे धूमकेतू टळतो. घरात श्रेय जाते यज्ञाला.

शाळेतले वाचन म्हणते: विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा, विज्ञान जिंकले, इंद्राणीदेवींना कळले नाही. पण त्यांना कळावे कसे? लंडनची बैठक गुप्त आहे. मोहीम गुप्त आहे. जग वाचवणारी माणसे जगाला काही सांगत नाहीत, कारण लोक घाबरतील. दत्तदा स्वतःच्या बायकोला सांगू शकत नाहीत. जिला काहीच सांगितलेले नाही, तिने आपल्याजवळ जे होते ते केले. तिने पुरोहित बोलावला. या कथेत यज्ञाला जागा करून दिली आहे ती गुप्ततेने, आणि गुप्तता शास्त्रज्ञांची आहे. दत्तदा यज्ञ पाहून संतापतात, पण लंडनमध्ये त्या गुप्ततेला त्यांनी मान डोलावलेली असते. नारळीकरांनी हे ठरवून केले की कथेच्या ओघात ते झाले, याने फरक पडत नाही. कथेत ते आहे. विज्ञानाची जाहिरात करणाऱ्याने ही फट बुजवली असती.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ची गोष्ट हीच. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, तर? या ‘तर’ची चर्चा खूप झाली; कथा अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात गेल्यापासून देशभरातली मुले तिच्यावर प्रश्नोत्तरे लिहितात. पण त्यातली खरी करामत आझाद मैदानावर आहे. नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या प्राध्यापक गायतोंड्यांना त्या दुसऱ्या मुंबईत एक सभा दिसते. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. ते जाऊन बसतात, बोलू लागतात आणि मार खातात, कारण त्या जगात लोकांनी अध्यक्षीय भाषण ही चालच मोडीत काढलेली आहे. मराठे जिंकले म्हणून समाज बदलला तो असा. साम्राज्य, तोफा हे सगळे लेखक थोडक्यात आटपतो आणि बदल दाखवतो तो एका खुर्चीपाशी.

नाशिककरांना यावर निराळे हसू यावे. आडगावच्या कुसुमाग्रज नगरीत संमेलन भरले, तेव्हा प्रकृतीमुळे नारळीकर येऊ शकले नाहीत. अध्यक्षांची खुर्ची रिकामी राहिली, मांडवात त्यावर नाराजीही व्यक्त झाली. नाराज होणाऱ्यांनी गायतोंडे वाचले असते तर बरे झाले असते.

नारळीकरांनी या गैरसमजाला स्वतः हातभार लावला, हेही सांगितले पाहिजे. विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे साधन म्हणून आपण कथेकडे वळलो, असे ते आयुष्यभर सांगत राहिले, आणि टीकाकारांनी ते भाबडेपणाने मानले. लेखकाने स्वतःच्या कथेविषयी सांगितलेले एवढे आज्ञाधारकपणे मानण्याची मराठी समीक्षेला एरवी सवय नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना त्यांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतले, आद्याक्षरे उलटी करून. ज्याला फक्त प्रसार करायचा होता, त्याला स्वतःचे नाव जास्त उपयोगाचे होते. जगताप होण्यामागे वेगळी इच्छा होती: कथा म्हणून ही उभी राहते का, ते पाहण्याची. बक्षीस जगतापांना मिळाले. दुसऱ्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या लेखनाची दखल घेतली. दुर्गाबाईंना जे दिसले ते पुढच्या पन्नास वर्षांत फारच थोड्यांना दिसले.

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ लिहिली, आणि तिथेही प्रश्न हाच: आकाशातून काही येते तेव्हा कोणाला सांगायचे, कोणापासून लपवायचे, आणि हे ठरवणार कोण?

कल्पनेतला हा प्रश्न नारळीकर प्रत्यक्षातही विचारत राहिले. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा भरून आणण्यात आली, तिच्यात सूक्ष्मजीव आहेत का हे पाहायला. दुसऱ्या खेपेला सापडलेल्या एका जिवाणूला हॉईलचे नाव मिळाले, दुसऱ्यांना इस्रोचे आणि आर्यभटाचे. ते जिवाणू अंतराळातून आले की इथलेच वर गेले, हे त्यांनी मोकळे ठेवले. २००८ मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका, काही हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणाची ते ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरे ४६ टक्के. नाणे उडवूनही एवढे जमते. निकाल उघड छापला. दत्तदांनी जे केले नाही, ते दत्तदांच्या लेखकाने केले.

आता चंद्रावर उतरल्यानंतरच्या कथांकडे पुन्हा पाहावे. चांद्रयान-२ चा विक्रम ७ सप्टेंबर २०१९ रोजी कोसळला. त्या अपयशाचा पूर्ण अहवाल लोकांसमोर आलाच नाही. गगनयानाच्या चार अंतराळवीरांची नावे निवड होऊन चार वर्षांहून अधिक काळ झाकलेली होती. ती २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली. उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती तिरुपतीला नेतात, तेव्हा मात्र कॅमेरे हजर असतात. लोकांना देवळातला फोटो मिळतो, अहवाल मिळत नाही. ‘धूमकेतू’च्या घरातली स्थिती याहून वेगळी होती का? एवढा ऐवज हाताशी असताना मराठी कथाकार झेंड्याची घडी उलगडत बसतो, याला आळस म्हणावे की भीती?

कथाकाराला श्रीहरिकोट्याला जाण्याचीही गरज नाही. त्र्यंबकेश्वरला गेले तरी चालेल. तिथे कालसर्पाच्या पूजेसाठी देशभरातून माणसे येतात. त्या पूजेच्या मुळाशी राहू आणि केतू आहेत. हे ग्रह नव्हेत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते दोन बिंदू. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली आहे म्हणून ते बिंदू आहेत, आणि हा कल धरल्याशिवाय चंद्राकडे यान धाडता येत नाही. पूजा मांडणारा आणि कक्षा आखणारा, दोघांचे काम एकाच भूमितीवर चालते. ज्याला या दोघांत एक कथा दिसत नाही, त्याने विज्ञानकथा कशाला लिहावी?

किंवा निफाडला जावे. गोडी छाटणी झाली की द्राक्षबागायतदार मोबाइलवर इन्सॅटचे ढगांचे चित्र बघत असतो. फवारणी आज करायची की उद्या, डाऊनी रोग येईल का, मणी तडकतील का, हे त्या चित्रावर ठरते. पहाटे तीनला उठून तो ते चित्र पुन्हा उघडतो. पाऊस पडतोच. मग हवामान आधारित फळपीक विम्याचा दावा, आणि तिथे महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद ग्राह्य. बागेत पाऊस झाला, केंद्राशी झाला नाही, तर कागदोपत्री पाऊस झालाच नाही. डोळ्यांदेखत घड सडले त्याने कोणाशी भांडायचे? उपग्रहाशी, केंद्राच्या खांबाशी की कंपनीशी? अंतराळ आणि समाज हा परिसंवादाचा विषय इथे कर्जाच्या हप्त्यात मोजला जातो.

कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस ज्या प्रयोगाचे एक प्रमुख सूत्रधार होते, तो साइट प्रयोग १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २४०० गावांत झाला. उपग्रहावरून थेट गावात दूरदर्शन. आर्थर क्लार्कने भूस्थिर उपग्रहांची कल्पना १९४५ मध्ये मांडली होती. इस्रोच्या माणसांनी त्याच्या कोलंबोतल्या घरावरही एक अँटेना बसवून दिली. विज्ञानलेखकाची कल्पना तीस वर्षांत गुलबर्गा-विजापूरच्या खेड्यांत पोचली. तिथे संध्याकाळी पडद्यासमोर कोण कुठे बसले, कोणाला मागे बसवले, बायका कुठे होत्या, याची कथा मराठीत कुठे आहे?

‘असल्या विषयांना वाचक नाही’, हे संपादकांचे उत्तर तयार असते. वाचक नसता तर नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ १९७९ पासून आजवर खपत राहिली नसती. दुसरे उत्तर कुजबुजत येते: भावना दुखावतील. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी होणार असे जाहीर झाले आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे कुंभ आणि दिवाळी अंक एकाच आठवड्यात येणार. गुरू सिंह राशीत येतो म्हणून लाखो माणसे गोदावरीत उतरतील, आणि त्याच वेळी ‘युरोपा क्लिपर’ आणि ‘ज्यूस’ ही दोन याने त्याच गुरूच्या वाटेवर असतील, एक २०३० मध्ये पोचणारे, एक २०३१ मध्ये. हा विषय घेऊन कोणी नवखा लेखक आला, त्याने भाविकाचीही टर उडवली नाही आणि शास्त्रज्ञालाही सोडले नाही, तर कोणता अंक त्याला पाने देणार आहे? ‘धूमकेतू’च उद्या अनोळखी नावाने टपालात टाकली तर ती ‘यज्ञाचा भाग वगळून’ परत येण्याची शक्यता अधिक. १९७४ मध्ये जगतापांना निदान परीक्षक भेटले होते. ते आज नसतील, तर चांगली विज्ञानकथा मराठीत येत नाही ही दर दिवाळीची तक्रार संपादकांनी तरी करू नये.