बंदिवान बाप आणि आपली समीक्षा

घरोघरी संस्काराचे पुस्तक म्हणून गेलेली 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तुरुंगातून लेकीला शिकवणारा बाप म्हटले की नेहरू आठवतात. १९३० ते १९३३ या काळात, मुख्यतः कैदेतून, त्यांनी इंदिरेला जगाचा इतिहास पत्रांतून सांगितला. दोन्ही पुस्तकांविषयी मला आदर आहे. पण आपल्या समीक्षेने त्यांवरून एक सोयीचा समज करून घेतला: तुरुंग म्हणजे चिंतनाची जागा आणि कैदी म्हणजे देशभक्त. ज्याला लिहिता येत नाही, पुस्तके मिळत नाहीत, तो बंदिवान बाप या समीक्षेच्या हिशेबातच नाही.

महाळुंग्यात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांची मुले माझ्या वर्गात आहेत. एकीचा बाप येरवड्यात कच्चा कैदी आहे. मुलाखतीला जायचे म्हणजे आईचा एक खाडा. अर्जात बापाच्या व्यवसायापुढे मुलीने 'शेती' लिहिले आहे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले.

अशा बापांना पालकत्वाचे शिक्षण द्यावे, अशी भाषा हल्ली ऐकू येते. शिक्षणाला मी कसा विरोध करीन? माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच. पण या भाषेत एक गृहीत दडलेले आहे की, या माणसांना मुळात बापपणच ठाऊक नाही. इतिहास वेगळे सांगतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. तेव्हाही शब्द 'सुधारणा' हाच होता!

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) या जागेवरून पुन्हा वाचले पाहिजे. पांढरपेशा वाचकाने त्यातले चोरीचे तपशील चवीने वाचले, अनोळखी जगाचे दर्शन म्हणून पाठ थोपटली. पोलीस केव्हा घरात शिरतील याचा नेम नाही, अशा घरातला बाप पोराला शाळेत घालतो, ही माझ्या मते त्या पुस्तकातली सर्वांत मोठी घटना. याला पालकत्व म्हणायचे नाही तर कशाला?

आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला १९३९ साली सुरू झालेल्या खुल्या वसाहतीत कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. त्या प्रयोगावरून शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट थोर खराच. पण तिथे सगळ्यांचा बाप जेलर होऊन बसला. कायद्याची नजरही फारशी निराळी नाही. आईजवळ तुरुंगात मूल सहा वर्षांचे होईतो राहू शकते. बाप त्या विचारातच नाही. मुलांना कोठडीत ठेवा, असे मी म्हणत नाही. महाराष्ट्राच्या कारागृहांतील 'गळाभेट' उपक्रमात कैद्यांना मध्ये जाळी नसताना मुलांना पोटाशी धरता आले. दहा व्याख्यानांपेक्षा मला ते मोलाचे वाटते.

आपल्यातल्या शिक्षक-कार्यकर्त्यांनी कारागृहात वर्ग घ्यायला जरूर जावे. मात्र फळ्याकडे वळण्याआधी, ज्याला लिहिता येत नाही त्याचे लेकीला पत्र लिहून द्यावे. तो बोलेल तसे, त्याच्याच बोलीत, शुद्धलेखन न तपासता.